गाणं नवरदेव पोचला की संपतं

आता वाचणाऱ्यांना वाटत असेल की मी सुरुवात अशी करणार: "आज मामा आपल्यात नाहीत, परंतु..." आणि त्या 'परंतु'वर घसा दाटणार, माईक खर्र करणार, मागून कुणीतरी पाण्याचा ग्लास पुढे सरकवणार. ही नक्कल मला येते, मामा. तुझ्या शोकसभेत जे साहेब बोलले, त्यांची तर मला तिथल्या तिथंच बसली. "कैलासवासी प्रकाशराव हे एक, हे एक, हे एक..." आणि पुढचं आठवेना म्हणून चष्मा पुसायचा. तू असतास तर सतरंजीवर लोळला असतास. पण बाकीच्यांसमोर केली असती तर मला त्याच सतरंजीत गुंडाळून ठेवलं असतं.

म्हणून ते नाही. तू कधी जन्मलास, पेपर मिलमध्ये कुठल्या खात्यात होतास, शेवटी काय झालं, हे ज्याला पाहिजे त्यानं बुधवाऱ्यातल्या पानटपरीवर विचारावं. चुना लावून सांगतील.

मी तुला बातमी द्यायला बसलोय. आपलं गाणं चढलं, मामा. लोक खेळून राहिले.

हां, आता वाचणारे म्हणतील कसलं गाणं, कुठं चढलं. तू जरा दम धर, मी यांना सांगून येतो. माझ्या मामाला गिटारचा गेम खेळायचा नाद होता. टीव्हीवर एक रस्ता दिसतो, त्यावरून रंगीत गोट्या आपल्याकडे घरंगळत येतात. हातात प्लास्टिकची गिटार असते, तिच्यावर त्याच रंगांची बटणं. गोटी जवळ आली की तेच बटण दाबून पट्टी मारायची. बरोबर मारली तर गाणं वाजतं, चुकली तर गिटार खाटखुट करते, जास्त चुकली तर टीव्हीतलं पब्लिक हुर्यो उडवून स्टेजवरून हाकलतं. हे खेळ पोरं खेळतात. माझा मामा रिटायर झाल्यावर खेळायला लागला.

मिलच्या कॉलनीतल्या कुठल्या तरी साहेबाचा पोरगा परदेशात गेला, त्याचं सामान निघालं, आणि तू तो खोका स्कूटरवर पुढे ठेवून घेऊन आलास. गिटारीची मान बाहेर. मामीनं दारातूनच विचारलं, "हे काय उचलून आणलं?"

"गाणी शिकतो आता."

"याच्यात तारा कुठं हेत?"

"तारा लागत नाहीत याला."

"मग तुमच्यासारखीच हे," मामी म्हणाली आणि कुकर बघायला आत गेली.

सुरुवातीला तुला प्रत्येक गाण्यात हाकलत होते. तू टीव्हीला हात जोडायचास, "अरे बाबांनो, नवीन हे मी, थांबा जरा." मग शिकलास. त्या गेममधले बँड सगळे तिकडचे, इंग्लिश. तुला एक अक्षर कळायचं नाही, पण प्रत्येकाला तू नाव ठेवलेलं. हे 'चार केसाळ'. तो 'बिनशर्टाचा'. ती 'रागावलेली बाई'. मला फोन करायचास, "चिक्या, आज रागावलेल्या बाईला शेवटपर्यंत नेली!" आणि मागून मामीचा आवाज, "कोणाला नेली?"

त्या गेमवर नवीन गाणी यायची. विकत घेऊन डाऊनलोड करायची. नवीन आली की तू पूर्ण यादी खालपर्यंत बघायचास, चष्मा कपाळावर घेऊन, आणि दर वेळी तेच म्हणायचास, "आपला नाही आला रे."

आपला म्हणजे नवी बहार. रफीक मास्तरांचा बँड. लाल कोट, सोनेरी झालर, मास्तरांच्या हातात क्लॅरिनेट, मागं ट्रम्पेटवाले, बडा ढोल, आणि सगळ्यात मागं दिव्यांची गाडी. तुझं म्हणणं साधं होतं. "चार केसाळांना घेतलं, चांगलं केलं. मला आवडतात ते. पण रफीक मास्तर काय कमी हे का? त्यांच्या धुनवर अर्ध्या बुऱ्हाणपूरची लग्नं लागली."

कंपनीच्या साईटवर एक जागा होती, तुम्हाला कुठली गाणी पाहिजेत ते लिहा म्हणून. तू सांगायचास, मी टाईप करायचो. "लिही, आदरणीय कंपनी." मी म्हणायचो मामा, आदरणीय नको. तू म्हणायचास लिही, आपलं काय जातं. उत्तर यायचं ते मशीनचं असायचं: तुमच्या इच्छेबद्दल धन्यवाद. तू ते मामीला वाचून दाखवायचास. "बघ, धन्यवाद म्हणाले. शिकलेले लोक हेत."

आणि मग एक दिवस कंपनीनं नवीन गाणी आणणंच थांबवलं. मला वाटलं तू नाराज होशील. मी घरी आलो तर तू गिटार पुसत बसला होतास. म्हणालास, "त्यांनी दुकान बंद केलं ना? मग आपण हातगाडी लावू."

हातगाडी म्हणजे तो फुकटचा गेम, जो शौकीन पोरांनी मिळून बनवलाय. त्याच्यात कुणीही आपलं गाणं टाकू शकतं. फक्त गोट्या आपण बसवायच्या, कुठल्या ठोक्याला कुठली गोटी, सगळं हातानं. ते मी तुला दाखवलं, आणि मला वाटतं तिथंच माझी सुट्टी संपली.

रफीक मास्तरांकडे गेलो तेव्हा ते कोटाचं बटण शिवत होते. तू त्यांना अर्धा तास समजावलंस. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "प्रकाशभाई, शादी किसकी है?"

"कुणाची नाही, मास्तर. गेम हे."

"फिर बारात कहां से कहां जाएगी?"

तू माझ्याकडे बघितलंस, मी तुझ्याकडे. या प्रश्नाचं उत्तर तुझ्याकडे होतं, पण ते मला फार उशिरा कळलं.

सिनेमाची धून चालणार नव्हती, ती दुसऱ्याची. पण मास्तरांची स्वतःची एक आहे, जी ते वरात मांडवाजवळ यायला लागली की काढतात. तिला नाव नाही, गावात सगळे 'मांडवाची' म्हणतात. ती घ्यायची ठरली. मी म्हटलं, आता हे नीट करू, स्टुडिओसारखं. सगळ्यांना तुझ्या खोलीत बसवलं, मोबाईलवर टिक-टिक लावली, म्हटलं या ठोक्यावर वाजवा. गेमला एकच स्पीड लागतो.

काय झालं ते आठवतं का? दोन ओळी वाजल्या आणि ट्रम्पेटवाला खुर्चीवरून उठला. मग त्याच्या बाजूचा. मास्तर ओरडले "बैठो बे," आणि स्वतःच उभे राहिले. बघता बघता अख्खा बँड तुझ्या पलंगाभोवती चालत होता. ढोलवाला दारातून बाहेर, गच्चीवर एक चक्कर, पुन्हा आत. मामी चहाचा ट्रे घेऊन उभी होती, तिला मध्ये घुसायला जागा मिळेना, तर ती पण त्यांच्या मागं चालत चालत कप वाटत फिरली. मास्तर मला म्हणाले, "बेटा, बैठ के सांस नहीं खुलती."

आणि जे रेकॉर्ड झालं ते ऐकून तू म्हणालास, "हा बँड नाही. ही पिठाची गिरणी हे."

"पण मामा, ठोका बरोबर आलाय."

"म्हणून तर."

इथून आपलं भांडण सुरू झालं, आणि ते संपलं नाही. मी म्हणायचो, गेमला एक स्पीड पाहिजे. तू म्हणायचास, बँडला स्पीड नसतो, रस्ता असतो. चढ आला की हळू, मुलीकडची माणसं दिसली की जोरात. मी म्हणायचो, खेळणाऱ्याला कसं कळणार? तू म्हणायचास, वरातीतल्या घोड्याला कळतं, त्यांना नाही कळणार? मी म्हणायचो मामा, जगात असं गाणं नाही. तू एकदाच जरा चिडून म्हणालास, "चिक्या, मी आख्खी नोकरी एका स्पीडच्या मशीनीशेजारी उभा राहून काढली. गाणं तरी राहू दे ना."

मी ट्रम्पेटची नक्कल काढली, तू हसलास, विषय गेला.

दुसरं भांडण शेवटाचं. गेममध्ये गाण्याला शेवट लागतो. मी विचारलं, मांडवाची संपते कुठं? तू म्हणालास, "नवरदेव मांडवात पोचला की."

"गेममध्ये नवरदेव नाहीये, मामा."

"मग गेम अपुरा हे."

असल्या माणसाशी भांडायचं कसं, सांग.

शेवटी तू जिंकलास आणि आपण खऱ्या वरातीत रेकॉर्ड केलं. निंबोला गावचा नवरदेव, बुधवाऱ्यातून निघणार, राजघाटाकडच्या मंगल कार्यालयात पोचणार. तू मोबाईल शर्टाच्या खिशात चालू करून ठेवलास आणि मास्तर आणि ढोलाच्या मधोमध चालायला लागलास. मुलाकडचे समजले तू मुलीकडचा, मुलीकडचे समजले मुलाकडचा, दोघांनी तुला टॉवेल-टोपी दिली. दोन टोप्या एकावर एक घालून तू माझ्याकडे बघून भुवई उडवलीस. तो चेहरा माझ्याकडे आहे. मोबाईलमध्ये नाही, माझ्याकडे.

आणि त्याच दिवशी घरी येताना तू परत म्हणालास, "चिक्या, सगळ्यांची नक्कल काढतो. हेडमास्तरची, मामीची, कंडक्टरची, गिरणीची. माझी का नाही काढत?"

मी म्हटलं, "तू समोर आहेस की. नक्कल समोर नसलेल्या माणसाची काढतात."

"काढ ना थोडीशी."

"नाही येत."

येत होती, मामा. चांगली येत होती. तू बोलायच्या आधी खाकरतोस, मग डोकं डावीकडे टाकतोस, मग अर्धं वाक्य हिंदीत आणि अर्धं मराठीत. मला सगळं पाठ होतं. पण तुझी नक्कल तुझ्यासमोर काढायला माझा धीर व्हायचा नाही, आणि का नाही ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. आता तर सांगायची गरजच राहिली नाही.

घरी येऊन ऐकलं तर मध्ये एक खड्डा. चांगला मोठा. बँड वाजतोय, वाजतोय, आणि एकदम पुढच्या वळणावर. मला कळेना. मग लक्षात आलं, मामीचा फोन आला होता. तुझ्या मोबाईलमध्ये फोन आला की रेकॉर्डिंग थांबतं, फोन ठेवला की पुन्हा चालू. मी विचारलं, "मामा, काय बोलत होतास एवढा वेळ?"

तू म्हणालास, "काय बोलणार. भाजीचं." आणि दुसरीकडेच बघायला लागलास.

बस, मग आपण गोट्या बसवायला लागलो. पहिल्या चौकापर्यंत झाल्या. पुढचं तू 'उद्या बसून करू' म्हणालास.

पुढचं मी एकट्यानं केलं.

दहावं झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी कानात ते रेकॉर्डिंग लावून बुधवाऱ्यात जाऊन उभा राहिलो, आणि त्याच्याबरोबर चालायला लागलो. एकच उपाय होता. लॅपटॉपसमोर बसून ठोका सापडेना, कारण तो लॅपटॉपमध्ये नव्हताच. मी चालत होतो आणि जिथं पाय हळू झाला तिथं मोबाईलवर लिहीत होतो: इथं हळू. इथं थांबले. इथं पळाले. आणि कानात तू होतास. मला ते माहीतच नव्हतं, मामा. आपण ऐकलं तेव्हा स्पीकरवर, तेही खड्ड्यापर्यंतच ऐकलं, फक्त बँड ऐकला. हेडफोनमध्ये तू आहेस, एकदम जवळ, खिशाच्या वर. "सरक भो, रेकॉर्डिंग चालू हे." "वा मास्तर, वा." नालीवरच्या हलत्या फरशीपाशी, "चिक्या, सांभाळ, फरशी हलते." मी त्या वेळी सांभाळलं होतं की नाही आठवत नाही. या वेळी मी थांबलो आणि फरशीवरून उडी मारून गेलो. एक आजीबाई बघत होती. बघू दे.

पुढं तो निंबोल्याचा केळीचा ट्रक. आठवतो ना, वरातीत घुसून मागं घेत होता? तिथं आख्खा बँड उभा, मास्तरांनी एकच सूर धरून ठेवलाय, धरून ठेवलाय, आणि ट्रक मागून पीं-पीं-पीं करतोय. मी तिथल्या प्रत्येक पींला पण गोटी बसवली. तुला आवडली असती ही हरामखोरी.

आणि मग राजघाटाकडचा उतार. तिथं पाय आपोआप पळतात, मग ढोल पळतो, मग सगळेच पळतात, मास्तरांचं क्लॅरिनेट सुटलेल्या वासरासारखं पुढं जातं. त्या उतारावर मी कानात तुझा श्वास ऐकला. दमला होतास तू. तेव्हाच दमला होतास, आणि तरी हसत होतास. मी खाली पोचेपर्यंत मला समोरचं नीट दिसत नव्हतं, उन्हामुळं असेल.

आणि शेवट. वरातीच्या दिवशी मी मागं दिव्यांच्या गाडीपाशी अडकलो होतो, आणि तू मला सांगितलाच नव्हता हा शेवट, लबाडा. बँड मांडवाच्या दारात येतो, ढोल एकदम वाढतो, आणि वरून तुझा आवाज, सगळ्यांच्या वर: "पोचला! पोचला नवरदेव! बंद कर."

आणि रेकॉर्डिंग बंद.

मी तिथं मंगल कार्यालयाच्या बंद दारासमोर उभं राहून एकट्यानंच टाळ्या वाजवल्या. वॉचमन बाहेर आला. म्हणाला, "आज कोई शादी नहीं है भाई." मी म्हटलं, माहीत आहे.

तर भांडण तू जिंकलास. दोन्ही. रस्ता पण तुझा, शेवट पण तुझा.

राहिला तो खड्डा, उताराच्या अगदी आधी. तिथं मी तोंडानं वाजवला बँड. क्लॅरिनेट नाकातून, ढोल गालातून, ट्रम्पेट ओठातून, झुनझुना दातातून. ते जमलं. पण तू फोनवर बोलत होतास ना तिथं. नुसता बँड ठेवला तर खोटं वाटेना, पण अर्धवट वाटे. म्हणून मी, मामा, तुझी नक्कल काढली. पहिल्यांदा. खाकरलो, डोकं डावीकडे टाकलं, कुणी बघत नसताना, आणि म्हटलं, "हां हां, आणतो गं मेथी, आया बस, दोन मिनिट."

बरोबर तूच. मी ते दुसऱ्यांदा ऐकलं नाही. तसंच चढवलं.

आता ऐक, काय झालं ते. आधी काहीच नाही. मग एक मेसेज आला, कुठल्या देशातला पोरगा देव जाणे, त्यानं लिहिलं की हे गाणं आजारी आहे, ठोकाच सापडत नाही. मला वाटलं गेलं सगळं. खाली दुसऱ्यानं त्याला उत्तर दिलं: खुर्चीवरून ऊठ, उभा राहून चालत खेळ. मामा! मी सांगितलेलं नाही हे त्याला. त्याचं त्याला कळलं. मग धडाधड. एक जण म्हणतो ट्रकपर्यंत जमतं, उतारावर मेलो. दुसरा म्हणतो, हा उतार कुठे आहे खरंच, मला बघायचाय. एकानं विचारलं, तो पीं-पीं वाजवणारा वादक कोण, त्याचं आणखी काही आहे का? एकीनं स्वतःचा व्हिडिओ टाकला, प्लास्टिकची गिटार गळ्यात, खोलीत गोल गोल चालतेय, आणि शेवटी तुझ्याबरोबर ओरडते, "पोचला!" तिला अर्थ माहीत नाही. चेहऱ्यावर आहे पण अर्थ.

आणि सगळ्यात खाली, हे मी तुझ्यासाठी ठेवलं होतं. एकानं लिहिलंय: या बँडची आणखी गाणी कधी येणार? त्याच्याखाली दुसरा: मला पण पाहिजेत. त्याच्याखाली तिसरा. रांग लागलीय, मामा. तू ज्या खिडकीत उभा राहून मागत होतास ना, आपला कधी येणार, आपला कधी येणार, त्या खिडकीच्या या बाजूला आता रफीक मास्तर बसलेत.

मी सगळ्यांना उत्तर दिलं. लिहिलं, तुमच्या इच्छेबद्दल धन्यवाद. शिकलेला माणूस आहे ना मी.

तेराव्याला गोड जेवण झालं. घरातला टीव्ही तू गेल्यापासून बंद होता, वर टॉवेल. तोच, वरातीतला. मी हिशोब लावला की गोड तोंड झालं म्हणजे आता टीव्ही चालतो. पाहुणे पुढच्या खोलीत सुपारी कातरत होते. रफीक मास्तर आले होते पांढऱ्या कपड्यात, त्यांची पोरं पण, लाल कोटाशिवाय ती ओळखूच येत नव्हती. मी टॉवेल काढला, लॅपटॉप जोडला, तुझी गिटार मास्तरांच्या गळ्यात घातली.

पहिल्या चौकाच्या आधीच टीव्हीतल्या पब्लिकनं मास्तरांना हाकललं.

"मियां, मेरी धुन है!" ते टीव्हीला म्हणाले. "मुझे ही भगा रहे हो?"

पुन्हा लावलं. पुन्हा फेल. तिसऱ्यांदा मास्तर हट्टाला पेटले. त्यांच्या पोरांना राहवेना, एक उठला, टाळीनं ठोका धरला, दुसरा उठला, आणि मग तेच झालं जे व्हायचं होतं. सगळे तुझ्या पलंगाभोवती चालायला लागले. मास्तर मध्ये गिटार घेऊन चालतायत आणि गोट्या लागायला लागल्या! फरशी गेली. ट्रक आला, सगळे जागच्या जागी थांबले, पीं-पीं-पीं सगळ्यांनी तोंडानं केलं. खड्डा गेला. उतार आला, आणि त्या एवढ्याशा खोलीत आम्ही पळालो, मामा, सुपारीवाले पाहुणे दारात येऊन बघतायत, कुणाला तरी धक्का लागून तांब्या आडवा झाला, आणि शेवटची गोटी मास्तरांनी अशी मारली की गिटारीचं एक बटण उडून कपाटाखाली गेलं.

"पोचला! पोचला नवरदेव! बंद कर."

सगळे टीव्हीकडे वळले. तुझा आवाज होता ना तो.

मग रफीक मास्तरांनी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी. पाहुण्यांनी पण, त्यांना काही कळलं नव्हतं तरी. मास्तर गिटार छातीशी धरून म्हणाले, "पहुंचा दिया, प्रकाशभाई."

आणि तेव्हा मामी दिसली. स्वयंपाकघराच्या दारात, हातात झारा. कधीपासून उभी होती कुणास ठाऊक.

"मेल्या," ती म्हणाली. पाहुण्यांसमोर, मामा. मास्तरांसमोर. "तेरावं हे आज. तेराव्याला कोणी नाचतं का घरात? तुझ्या आईला बोलावू का?"

"गोड जेवण झालं ना मामी, म्हणून..."

"गप. तांब्या कोणी सांडला? अन् हे बटण कोण शोधणार, मी? ते बटण गेलं तर त्यांनी..." आणि ती थांबली. झारा खाली केला. मग हळू आवाजात, जो ओरडण्यापेक्षा वाईट असतो, म्हणाली, "उताराच्या आधी कोण बोललं ते?"

मी कपाटाखाली बटण शोधायला वाकलो.

"मेथी कोण म्हणालं?"

"मामा," मी म्हटलं.

"खोटं. तो तू हेस."

"मामी, रेकॉर्डिंग तुटलं होतं तिथं. तुझा फोन आला होता ना. मामा म्हणाला भाजीचं बोललो, म्हणून मी..."

"भाजीचं काही नव्हतं." तिनं झारा दाराच्या चौकटीवर आपटला. "मी विचारलं कुठं हेत. ते बोललेच नाहीत. नुसते खाकरले, अन् फोन वर धरला. बँडकडे. मी गॅस बंद केला अन् त्यांनी फोन ठेवेपर्यंत ऐकत उभी राहिली. एवढंच झालं तिथं. अन् तू त्याच्यात मेथी घातली, मुडद्या? जगभर ऐकवली?"

मास्तर खाली बघायला लागले. मी पण.

"आत्ताच्या आत्ता बस अन् काढ ती मेथी," मामी म्हणाली. "तिथं बोलायचं नाही कोणी. खाकरायचं, अन् गप. मग बँड. अन् खाकरणं तरी नीट काढ रे, शेळीसारखं काय केलंय. ते असं नव्हते खाकरत. इकडे ये, मी दाखवते."